आत्याच्या लग्नाची व्हीसीडी चालेना, कुणी वाट दाखवा

अनगोळचा_पोरगा
मंडळी नमस्कार. गेल्या आठवड्यात अनगोळला घरी होतो (पोटापाण्याला पुण्यात). आईनं कपाट आवरायला काढलं आणि साड्यांच्या खालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. आत १४ सीड्या. त्यातल्या ३ आत्याच्या लग्नाच्या. लग्न २००३ चं, खानापूरला.

माझ्या लॅपटॉपला सीडीचं भोकच नाही, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. डिस्क उघडली तर आत भलभलते फोल्डर, आणि ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरात ‘एव्हीएसईक्यू०१ डॉट डॅट’ अशी एक आडदांड फाइल. डबल क्लिक केलं की लॅपटॉप विचारतो, कशात उघडू? अरे, मला माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं! दुसरी डिस्क कॉपी करताना ७० टक्क्यांवर बसकण मारते. जुन्या कॉम्प्युटरमधल्या काही एव्हीआय फाइल आहेत, त्यांचा आवाज येतो पण चित्र काळं. बाबांच्या जुन्या फोनमधल्या थ्रीजीपी फाइलींचं उलटं, चित्र येतं, आवाज नाही.

एवढा खटाटोप आजीसाठी चाललाय. २०११ ला गेली. तिचा आवाज आमच्याकडं कुठंच नाही. त्या लग्नात तिनं भर पंगतीत उखाणा घेतला होता म्हणे, पण आई म्हणते व्हिडिओवर सगळीकडं सिनेमाची गाणी डकवलीत. आवाज नसला तर नसला, दिसेल तरी.

खडेबाजार_कट्टा
व्हीएलसी टाका. धागा संपला. चहा सांगा.

पंगतीतला_शेवटचा
+१. माझा पण कटिंग.

निपाणीकर_अण्णा
खडेबाजारवाले, जरा दम धरा की वो. आमच्याकडं लाइट आत्ता आलीय.

धागाकर्ते, औषध तेच, पण का ते सांगतो. व्हीसीडी म्हणजे सीडीवर भरलेला व्हिडिओ, १९९३ चं प्रकरण. आत चित्र एमपेग-१, ३५२ बाय २८८ ठिपके, आवाज एमपी-२. म्हणजे तुमच्या फाइलीत अवघड असं काही नाही, फक्त तिचं आडनाव ‘डॅट’ आहे. डॅट नावाच्या फाइली शंभर प्रकारच्या असतात, त्यामुळं कॉम्प्युटर बिचकतो. व्हीएलसी हा फुकटचा व्हिडिओ प्लेयर आडनाव विचारत बसत नाही, आत डोकावून बघतो. फाइल ओढून त्याच्या खिडकीत टाका, चालू होईल.

एव्हीआयचं वेगळं आहे. एव्हीआय म्हणजे नुसतं पोतं. आमच्या निपाणीच्या बाजारात पोतं बघून तंबाखूची प्रत कळत नाही, तोंड सोडावं लागतं. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं हे पोतं काढलं, आणि त्यात लोकांनी सिनेपॅक, इंडिओ, डिव्हएक्स, एक्सव्हिड, मिळेल ते भरलं. इंडिओ हा इंटेलचा जुना प्रकार. त्यातून घातक फाइली घुसू शकतात म्हणून २००९ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजमध्ये तो बंद केला. तुमचं ‘आवाज आहे, चित्र नाही’ बहुतेक त्यातलंच. आवाज साधा असतो, तो कुणालाही वाचता येतो. ‘मीडियाइन्फो’ नावाचं छोटं फुकट साधन आहे, त्यात फाइल टाकली की पोत्यात काय आहे ते लिहून येतं. आधी ते बघा, मग बोला.

कोडेक_सावकार
एवढं पुराण कशाला? के-लाइट कोडेक पॅक टाकायचा, म्हणजे हे सगळे प्रकार वाचणाऱ्या साधनांचा गठ्ठा. एक्सपीच्या काळापासून तेच करतोय, आजवर एक फाइल अडली नाही.

निपाणीकर_अण्णा
सावकार, तुमचं बरोबर होतं २००५ ला. तेव्हा प्रत्येक प्लेयर विंडोजकडं हात पसरायचा, म्हणून विंडोजमध्ये कोडेक भरून ठेवावे लागायचे. व्हीएलसी आपली शिदोरी बरोबर घेऊन फिरतो. आता त्या सगळ्या जुन्या प्रकारांचं वाचन एफएफएमपेग नावाच्या एकाच खजिन्यात आहे आणि बहुतेक फुकट प्लेयर त्यातूनच उचलतात. कशाला मशीनमध्ये गर्दी करायची?

कोडेक_सावकार
आमचं मशीन, आमची गर्दी.

टिळकवाडी_तिसरं_गेट
व्हीएलसी पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी १९९६ ला सुरू केला. हॉस्टेलच्या नेटवर्कवर व्हिडिओ बघायचा होता म्हणून. ते केशरी टोपडं म्हणजे रस्त्यावरचा शंकू. आपल्याकडं असे शंकू रस्त्यापेक्षा मांडवाच्या दारात जास्त दिसतात.

शहापूरची_सून
माझा अनुभव लिहिते, म्हणजे निदान तुम्ही तरी फसणार नाही. आमच्या लग्नाच्या दोन डिस्क एका दुकानात ‘पेन ड्राइव्हवर करून देतो’ म्हणाले म्हणून दिल्या. परत आलं ते असं: चित्र आडवं ताणलेलं, सासरे आधीच अंगानं भरलेले, ते तर दारात मावेनात. कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि फोन नंबर, तो थेट मंगळाष्टकांपासून पाठवणीपर्यंत. माझ्या डोळ्यात पाणी आणि शेजारी ‘झेरॉक्स, लॅमिनेशन’. वर डिस्कवर त्यांचा कागदी स्टिकर चिकटवून दिलाय. तो काढू का?

अनगोळचा_पोरगा
शहापूरताई, हसू का रडू कळेना. झेरॉक्स, लॅमिनेशन :)

कॅम्पातला_निवृत्त
ताई, स्टिकर अजिबात ओढू नका. सीडीची चमकदार बाजू नाजूक आणि नावाची बाजू दणकट असं सगळ्यांना वाटतं, आहे उलटं. १.२ मिलिमीटर प्लास्टिक सगळं खालच्या बाजूला, आणि माहितीचा चमकता थर वर, नावाच्या रंगाला अगदी लागून. स्टिकर ओढला तर थर त्याबरोबर सोलून येतो, मग ब्रह्मदेव आला तरी काही होत नाही. खालचा ओरखडा त्यामानानं बरा. डीव्हीडीत हा थर दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो, तिला वरून एवढं भय नाही.

ताणलेल्या चित्राचं: मूळ चित्र ४:३ चं आहे, दुकानदारानं १६:९ मध्ये कोंबलंय. व्हीएलसीत इंग्रजी ‘ए’ दाबत जा, ४:३ आलं की थांबा. सासरे पूर्ववत होतील.

आणि चित्रात कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसत असतील तर ‘डी’ दाबा. जुन्या टीव्हीचं चित्र आधी विषम ओळी आणि मग सम ओळी असं अर्धं अर्धं यायचं, आताचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून हलणाऱ्या हाताला दात फुटतात.

निपाणीकर_अण्णा
कॅम्पवाले साहेब, एक दुरुस्ती. दात डीव्हीडी आणि कॅमेऱ्यातून थेट घेतलेल्या फाइलींना. व्हीसीडीत वरून खाली २८८ च ओळी, म्हणजे निम्मं चित्र आधीच गाळलेलं. तिथं ‘डी’ दाबून काही होत नाही.

कॅम्पातला_निवृत्त
मान्य. फौजेत असतो तर दहा उठाबशा काढल्या असत्या, आता गुडघे परवानगी देत नाहीत.

घाटावरचा_व्हिडिओवाला
धागा बघून राहवलं नाही. खानापूर भागात १९९६ पासून बारा-तेरा वर्षं लग्नाची शूटिंग केली. आता भावाचं हार्डवेअरचं दुकान बघतो, खिळे, स्क्रू आणि नळाच्या तोट्या. त्यामुळं आता खरं सांगायला हरकत नाही.

पहिली काही वर्षं व्हीएचएस. खांद्यावर धोंडा, आणि मागं हॅलोजन धरलेला पोरगा. लाइट डोळ्यावर आला की म्हाताऱ्या बायका त्याला शिव्या घालायच्या, आणि त्या शिव्या कॅसेटवर छान उमटायच्या. मग मिनी-डीव्ही आला. कॅसेट केवढीशी, चित्र झकास. पण कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर उतरवायला एका तासाला एक तासच लागायचा आणि एका तासाचे १३ जीबी व्हायचे. माझ्याकडं डिस्क ४० जीबीची. त्यात विंडोज, फॉन्ट, हृदयाच्या आकाराचे इफेक्ट. एक लग्न आत आलं की आधीचं पुसायचं. कॅसेटसुद्धा पुढच्या लग्नाला परत वापरायची, कारण प्रत्येकाला नवीन घ्यायला कुठं परवडत होतं? त्यामुळं लोक आज फोन करून विचारतात, ‘मूळ आहे काय हो?’ मूळ त्या व्हीसीडीतच आहे, बाबांनो. तेवढंच राहिलंय.

व्हीसीडी करायला रात्रभर मशीन चालू ठेवायचं. आमच्याकडं पावसात लाइट गेली की पहाटे ९० टक्क्यांवरून परत शून्य. गाणी का डकवायचो ते पण सांगतो. मांडवात जनरेटर, बाहेर बँड, आत आचाऱ्याची आरडाओरड. मूळ आवाज लोकांना नको असायचा. ‘गाणी घाला की शिस्तात’ म्हणायचे. मुहूर्ताला हिंदी, वरातीला कन्नड, पाठवणीला मराठी. पाठवणीला कन्नड लावलेलं एकदा, आख्खं वऱ्हाड भांडायला आलं.

पंगतीतला_शेवटचा
हृदयाच्या आकारात आधी नवरा, मग नवरी, मग चुकून आचारी. आमच्या काकाच्या लग्नात आहे.

टिळकवाडी_तिसरं_गेट
आणि सुरुवातीला ‘शूभ वीवाहा’. अक्षरं गोल गोल फिरत येणार, एक अक्षर परत जाऊन दुसरं आणणार.

घाटावरचा_व्हिडिओवाला
ते टायटल करणारा पोरगा कन्नड शाळेतला होता. त्याच्या कन्नड टायटलात मी चुका केल्या त्या कुणी काढत नाही. फिट्टंफाट.

येळ्ळूरचा_वस्ताद
अवांतर: कुणाकडं येळ्ळूरच्या मैदानातल्या जुन्या कुस्त्यांचं शूटिंग आहे काय? थ्रीजीपी का असेना. माझ्याकडं एक आहे, १७६ बाय १४४. पैलवान दोन का तीन तेच कळत नाही.

निपाणीकर_अण्णा
वस्ताद, ते मोठं करून बघूच नका, पोस्टाच्या तिकिटाएवढंच ठेवा, डोळा बाकीचं भरून काढतो. धागाकर्त्यांच्या थ्रीजीपीचं पण सांगून टाकतो: त्यात आवाज ‘एएमआर’ प्रकारचा असतो, फोनवरच्या बोलण्यासाठी काढलेला, सेकंदाला ८ हजारच नमुने. बरेच प्लेयर तो ओळखत नाहीत. व्हीएलसी ओळखतो.

अनगोळचा_पोरगा
अपडेट. पहिली डिस्क चालली! थ्रीजीपीला आवाज आला. एव्हीआय मीडियाइन्फोत टाकली, अण्णांनी सांगितलेलं ‘इंडिओ ५’च निघालं, आता चित्र पण दिसतंय. बाबा १९९९ मध्ये लुना शिकताहेत. फुटपाथवर.

पण दुसरी डिस्क अजून ७० वरच. उखाण्याची पंगत नेमकी तीत आहे. पहिल्या डिस्कमध्ये आजी दिसली, ओटी भरताना. वर गाणं. गाण्याच्या मागं काहीतरी गलका ऐकू येतोय, पण गाणंच इतकं मोठं आहे की काही लागत नाही.

कॅम्पातला_निवृत्त
दुसऱ्या डिस्कचं. साध्या डेटा सीडीत एका खणात २०४८ बाइट माहिती आणि बाकीची जागा चुका दुरुस्त करायला राखीव. व्हीसीडीवाल्यांनी ती राखीव जागा पण वापरली, एका खणात २३२४ बाइट भरले. हिशेब असा की सिनेमात एखादा चौकोन फिसकटला तर कोण मरतंय? म्हणून ७४ मिनिटं मावली. पण त्यामुळं ओरखडा आला की साधी कॉपी ‘मला जमत नाही’ म्हणून हात वर करते. तिला पुढं जायला सांगणारं साधन हवं. आयसोबस्टरमध्ये डिस्क उघडून फाइल बाहेर काढा. वाचता न आलेला खण तो सोडून देऊ शकतो, तिथं दोन-चार सेकंद चौकोन नाचतील, बाकी मिळेल. लिनक्सवाले असाल तर व्हीसीडीइमेजरमधलं व्हीसीडीएक्सरिप आहे.

आधी डिस्क पुसा. मऊ सुती फडकं, मधल्या भोकाकडून कडेकडं सरळ. गोल गोल नाही, भाकरी थापत नाही आपण. आणि दुसऱ्या ड्राइव्हवर घालून बघा. एकाला जे वाचता येत नाही ते दुसरा कधी कधी सहज वाचतो, विशेषतः जुने ड्राइव्ह.

कोडेक_सावकार
आणि निघालं की लगेच सगळं व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या हँडब्रेकमध्ये घालून एमपी४ करा, डॅट फेकून द्या. घोळ नको.

निपाणीकर_अण्णा
फेकू नका! सावकार, माणसाला शोभेल असा सल्ला द्या. ते चित्र आधीच पिळून काढलंय, सेकंदाला साधारण ११५० किलोबिट. परत पिळलं की परत पाणी जाणार. जागा किती वाचणार? तासाभराची व्हीसीडी ६००-६५० एमबी. १ टीबीच्या डिस्कवर अशा हजारावर मावतील. खानापूर तालुक्यातली सगळी लग्नं ठेवा.

कोडेक_सावकार
आणि आईला टीव्हीवर बघायचं असेल तर? टीव्ही पेन ड्राइव्हवरचं डॅट घेत नाही. आत्याला फोनवर पाठवायचं तर? तुमचं मूळ कपाटात पवित्र राहील आणि बघणार कोणी नाही.

शहापूरची_सून
इथं मी सावकारांच्या बाजूनं. बघितलं जात नाही ते असून काय उपयोग? पण दोन्ही का नाही? मूळ तसंच ठेवा, घरच्यांसाठी एमपी४ वेगळी करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून नाही, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तिथं तिसऱ्यांदा पिळतात.

निपाणीकर_अण्णा
ताईंचं मान्य. सावकारांचं अर्धं मान्य.

कोडेक_सावकार
अर्धं तर अर्धं. कुंदा पाव किलो पाठवा.

येळ्ळूरचा_वस्ताद
कुंदा काय पाव किलो मागताय, करदंट मागा, टिकतं तरी.

(यापुढं कुंदा विरुद्ध करदंट यावर अकरा प्रतिसाद झाले. ते ‘खादाडी’ विभागात हलवलेत. — संपादक)

टिळकवाडी_तिसरं_गेट
धागाकर्ते, तुमचं ते ‘गाण्याच्या मागं गलका’ डोक्यात घोळतंय. इअरफोन लावून ऐकलंत का? दोन्ही कानात सारखंच येतंय की वेगवेगळं? व्हीसीडीला डावा-उजवा असे दोन आवाज असतात. कराओकेच्या डिस्कमध्ये एका बाजूला नुसतं संगीत आणि दुसऱ्या बाजूला गाणाऱ्यासकट असायचं, म्हणून तर जुन्या प्लेयरच्या रिमोटवर डावा-उजवा निवडायचं बटण होतं.

घाटावरचा_व्हिडिओवाला
थांबा थांबा. हे माझ्या ध्यानात कसं नाही आलं. आमच्या लाइनीतले काही जण कॅमेऱ्याचा आवाज एका बाजूला आणि गाणं दुसऱ्या बाजूला टाकायचे. नीट मिसळत बसायला वेळ कुणाला? आणि तेव्हाच्या बऱ्याच टीव्हींना मागं आवाजाचं एकच भोक. पांढरी वायर त्यात, म्हणजे डावी बाजू. लाल वायर टीव्हीच्या मागं नुसती लोंबकळत असायची. डाव्या बाजूला गाणं असेल तर घरच्यांनी इतकी वर्षं गाणंच ऐकलं असणार.

व्हीएलसीत वर ऑडिओ, त्यात स्टिरिओ मोड, त्यात ‘राइट’ करा. करून सांगा.

पंगतीतला_शेवटचा
वाट बघतोय. पानावर बसलोय, वाढा.

अनगोळचा_पोरगा
आलो. आज रविवार, अनगोळलाच आहे. शेजारच्या अण्णांकडं जुना कॉम्प्युटर आहे, त्यांचा ड्राइव्ह मागून आणला. त्यानं दुसरी डिस्क ८८ टक्क्यांपर्यंत ओढली. पंगत ६१ व्या मिनिटाला सुरू होते, तिथपर्यंत पोचलो.

‘राइट’ केलं. गाणं गेलं. एकदम. आणि भांड्यांचा आवाज, ‘वाढा वाढा’, कुणीतरी कन्नडमध्ये ताक मागतंय, एक पोर रडतंय. मग आजी. आधी हॅलोजनवाल्याला, ‘बाजूला घे की रे बाळा, डोळ्यात जातंय.’ मग बायका मागं लागल्या, आजी नको नको म्हणाली आणि मग:

‘बेळगावचा कुंदा, गोकाकचा करदंट,
...रावांचं नाव घेते, पंगत होतीया थंड.’

आई स्वयंपाकघरात होती. आवाज ऐकून हातात पळी तशीच घेऊन बाहेर आली. मी परत लावलं. चारदा लावलं. आत्याला पाठवलंय, डॉक्युमेंट म्हणूनच.

येळ्ळूरचा_वस्ताद
आजींनी दोन्ही घेतले. आमचं अकरा प्रतिसादांचं भांडण २००३ लाच मिटवलेलं.

घाटावरचा_व्हिडिओवाला
लाइटवाल्या पोराला शिव्या नाही दिल्या, ‘बाळा’ म्हणाल्या. चांगलं घर.

शहापूरची_सून
मी पण ‘राइट’ करून बघितलं. आमच्याकडं दोन्हीकडं गाणंच आहे. असो. सासरे मात्र बारीक झाले.

कॅम्पातला_निवृत्त
राहिलेल्या १२ टक्क्यांचं काय केलं?

अनगोळचा_पोरगा
आयसोबस्टरवर लावलंय, सकाळपासून. एकेक खण कुरकुरत वाचतोय, आत्ता ९१. त्यात पाठवणी आहे. आई मधून मधून येऊन ड्राइव्हवर हात ठेवते. ‘तापलंय गा हे, जरा बसू दे त्याला’ म्हणते.